उजव्या खणातली कॅसेट

मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर पूर्ण, अविवाहित, पूर्वीचा व्यवसाय घरगुती यंत्रांच्या दुकानात प्रात्यक्षिक दाखवणे, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, आणि डोके ठिकाणावर असताना स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी वेगळा दिला आहे. तो देताना त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांनी रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा माझ्या दंडाला उलटा बांधला आहे हेही दाखवून दिले. त्यानंतर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

वकीलबाईंनी मला एक छापील नमुना दिला होता. त्यात कुटुंबातल्या माणसांसाठी सहा ओळी कोऱ्या ठेवल्या होत्या. मला दोन पुरल्या. उरलेल्या चार ओळींकडे बघत बसण्यापेक्षा मी नमुना बाजूला ठेवला आणि कोऱ्या कागदावर लिहायला घेतले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले आणि शेवटचे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. त्या वयाने लहान आहेत, पण ऐकून घेतात.

२. माझे राहते घर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, हे मी माझ्या वहिनींना, म्हणजे माझ्या कैलासवासी थोरल्या भावाच्या पत्नीला देत आहे. त्यांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, नव्हे, सुनेला नव्हे, त्यांना. घर विकावे, भाड्याने द्यावे की कुलूप लावून ठेवावे, हे त्यांचे त्यांनी ठरवावे आणि त्यांना कोणी शहाणपण शिकवू नये. कारण कलम आठमध्ये आहे.

३. बँकेतली ठेव भाच्याच्या मुलीला मिळावी. ती मला फोनवर "यंत्रआजी" म्हणते. भेट दोनदाच झाली आहे.

४. घरातली यंत्रे. यांच्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण ती पाहून कोणालाही वाटेल की इथे मोठे कुटुंब राहत होते.

माझे काम असे होते. कुटुंब दुकानात येऊन यंत्र पसंत करी, टेम्पो ते घरी पोचवी आणि मागाहून मी जाई. मिक्सर असो, धुलाईयंत्र असो, टेपरेकॉर्डर असो, घरातल्या प्रत्येकाने ते एकदा स्वतःच्या हाताने चालवून दाखवल्याशिवाय मी चहाला हात लावत नसे. लोक मला डेमोबाई म्हणत. दुकानात निवड करतानाही मीच उभी असे. वडील आकार बघत, मुले बटणे दाबत, आणि सगळे एकदम बोलत. मी त्यांच्यातल्या गप्प माणसाला शोधून विचारी, "घरात हे ठेवणार कुठं?" त्याचे उत्तर ऐकले की काय घ्यावे हे मला कळे. चौतीस वर्षे या धंद्यात माझा हात कोणी धरला नाही, हे मी नम्रपणे लिहीत नाही.

मग दुकानात सवलत मिळे म्हणून मीही घेत गेले. माझे धुलाईयंत्र सहा माणसांच्या कपड्यांचे आहे. आठवड्याचे सगळे कपडे, चादरी, पडदे घातले तरी ते अर्धे रिकामेच फिरते. गाण्याच्या यंत्राला माझ्या कमरेइतके उंच दोन स्पीकर आहेत. त्यांच्या बरोबर मध्ये बसले तरच आवाज खरा ऐकू येतो, म्हणून तिथे मी चार माणसांचा सोफा ठेवला. मी त्याच्या एका कोपऱ्यात बसते, कारण मध्ये बसले की दोन्ही बाजूंची जागा दिसते. कॅरमबोर्ड आहे, त्याची पावडरची डबी अजून सीलबंद आहे. दोन खेळाडूंचा व्हिडिओ गेमही आहे. तो मी माझ्याविरुद्ध खेळून पाहिला आणि हरले.

धुलाईयंत्र खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आईला द्यावे. तिला ते पुरेल. स्पीकर आणि सोफा एकत्रच द्यावेत, वेगळे करू नयेत. कोणाला द्यावेत हे मला सुचत नाही, वकीलबाईंनी बघावे.

५. माझी हत्यारे, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचा संच, टेस्टर, बारीक चिमटे आणि कॅसेटची यंत्रे पुसायचे द्रावण, दुकानातल्या जुन्या दुरुस्तीवाल्याला द्यावीत. आम्ही त्याला खटपट्या म्हणत असू. मी विकलेले यंत्र बिघडले की तो माझ्यासमोर उघडी, आणि बिघाड गिऱ्हाइकाने केला असला तरी गिऱ्हाइकासमोर "यंत्रातच दोष होता हो" असे म्हणे. मी एकदा त्याला विचारले की खोटे का बोलतोस. तो म्हणाला की माणूस घरी जाऊन बायकोवर ओरडतो, यंत्राचे काय जाते. तेव्हा मी हसले होते. संचातला चार नंबरचा स्क्रूड्रायव्हर त्याचाच आहे, तो मी मागून घेतला होता आणि परत केला नाही.

६. भिंतीवरचे घड्याळ दुकानाच्या मालकांना परत करावे. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ते मला भाषण करून दिले. त्या महिन्यात प्रत्येक फ्रिजवर तेच घड्याळ फुकट मिळत होते. मी स्वतः त्याची चाळीस खोकी घरोघर पोचलेली पाहिली होती. मालकांनी माझ्या जागी जावयाला बसवले, ते मी विसरले. घड्याळ विसरले नाही.

७. भाच्याचा टीव्ही.

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला. नवीन काहीतरी घ्यायचे आहे, मोठा टीव्ही की गाण्यांचा चांगला स्पीकर, की दोन्ही एकात येते तसले काही. "आत्या, तू सांगशील ते घेऊ," म्हणाला. किती बरे वाटले ते लिहिते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी चष्मा लावला, वही घेतली, आणि कोण काय बघते, कुठे बसते ते विचारू लागले. तो सामने बघतो. सुनेला काम करताना गाणी लागतात. मुलीला कार्टून, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना मिळून एक सिनेमा.

मी विचारले, "आणि वहिनी?"

तो हसला. "आईचं काय, आत्या. तिनं हात लावला की पुसलंच समज. तुला तर माहीतच आहे."

कलम आठमधली गोष्ट घडली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. त्याला आठवत काहीच नसणार, घरात ऐकून ऐकून हे त्याच्या तोंडी बसले आहे. तो हे लाडाने म्हणतो. आईवर त्याचा फार जीव आहे. मी म्हणाले की विचार करून सांगते, आणि फोन ठेवला. टीव्हीचे उत्तर मी अजून दिलेले नाही. त्याऐवजी हे मृत्युपत्र लिहायला घेतले.

८. कबुली.

आमची आई गेली तेव्हा तिचा आवाज एका कॅसेटवर उरला होता. भावाने एकदा खिडकीत टेपरेकॉर्डर ठेवून तिला बोलते केले होते. अर्धा तास. आधी ती वीज कशाला जाळतोस म्हणून त्याला रागावते. मग भाऊ लहानपणी जिन्यावरून पडला ते सांगते, मग तिच्या बहिणींची नावे थोरलीपासून सांगते आणि एका नावाशी अडते. मध्येच कपड्यांच्या घड्या घालताना गुणगुणते. शेवटी विचारते, "झालं का रे? बंद कर आता."

त्या कॅसेटची एक प्रत मला हवी होती. तेवढ्यासाठी भावाने दोन कॅसेटचे यंत्र घ्यायचे ठरवले. यंत्र निवडले मी. मॉडेल नवे होते, दुकानात येऊन आठवडाही झाला नव्हता. त्याआधी सहा वर्षे मी जी यंत्रे दाखवत होते त्यांत वाजणारी कॅसेट उजव्या खणात जाई आणि भरायची डाव्या. या मॉडेलमध्ये ते उलट होते. खणाखाली बारीक अक्षरांत छापलेलेही होते. बारीक अक्षरे वाचा, असे मी घरोघर सांगत असे. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा मोडून टाका म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही भरले जाणार नाही, हेही सांगत असे. त्या दिवशी मी अक्षरे वाचली नाहीत आणि आईच्या कॅसेटची पाठ पाहिली नाही. हाताला सवय होती, हाताने केले. आईची कॅसेट उजव्या खणात घातली, कोरी डाव्या, आणि बटण दाबले.

वहिनींना म्हणाले, इथे बसा, कॅसेट संपली की खट् असा आवाज येईल, मग हे दाबा. त्या बसल्या. भाऊ आणि मी चहा घेऊन गॅलरीत गेलो. शेजारचे गृहस्थ त्यांच्या गॅलरीत होते, त्यांना भाऊ सांगत होता की माझी बहीण म्हणजे यंत्रांची डॉक्टर. अर्धा तास तो माझे कौतुक करत होता आणि आत कोरी कॅसेट आईवर भरली जात होती. मग खट् वाजले, वहिनींनी मी सांगितलेले बटण दाबले आणि आम्हाला हाक मारली. त्यांच्या आवाजात आनंद होता, पहिल्यांदाच यंत्राचे काहीतरी त्यांच्यावर सोपवले होते.

भावाने कॅसेट मागे घेऊन लावली. नुसती सूं. दुसरी लावली, तिच्यावरही सूं. मी तेव्हा खणाखालची अक्षरे वाचली. एका क्षणात सगळे कळले.

भाऊ वहिनींना म्हणाला, "तू काय दाबलंस?"

"वन्संनी सांगितलं तेच," वहिनी म्हणाल्या आणि माझ्याकडे पाहिले.

मी म्हणाले, "होतं असं, दादा. हात नवखा आहे."

हे एवढेच मी बोलले. यात खोटे असे एकही वाक्य नाही, आणि याहून मोठे खोटे मी जन्मात बोलले नाही. भावाच्या नजरेतून उतरायची मला भीती वाटली. दुकानातल्या कोणाकडून चूक झाली असती तर मी तिथल्या तिथे कान उपटले असते. स्वतःची वेळ आली तेव्हा मूग गिळून बसले, आणि खापर त्या बाईच्या डोक्यावर फुटू दिले.

भाऊ ओरडला नाही. बाहेर फिरून आला, जेवला. महिन्याभराने त्याने पहिल्यांदा हसत म्हटले, "तिला हात लावू देऊ नका, पुसून टाकील." मग ते घरात रुजले. धुलाईयंत्र आले तरी वहिनी दोन वर्षे हातानेच कपडे धूत होत्या. मोबाईल आला, तो मुलाने लावून दिला तरच त्या बोलत. भाऊ कामावर आणि मुलगा शाळेत गेला की घरातला टीव्ही, रेडिओ, सगळे बंद. संध्याकाळी कोणीतरी येईपर्यंत त्या नुसत्या बसलेल्या असत. हे मला भाचा लहानपणी गमतीने सांगे. त्यानंतर मी त्या घरी जाणे कमी केले, मग सोडले. लोक म्हणत की मला गर्व झाला. मला त्यांच्या समोर बसवत नव्हते.

भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. दवाखान्यात मी त्याच्याजवळ दोनदा बसले. दोन्ही वेळा सांगायचे ठरवून गेले होते. पहिल्या वेळी त्याने मला विचारले की ही खाट बटणावर वरखाली होते ती कशी, आणि नर्सला बोलावून म्हणाला, "ऐका, माझी बहीण यातली आहे." मी खाटेची मोटर समजावून सांगितली. दुसऱ्या वेळी तो झोपला होता.

तर, कॅसेट मी पुसली. वहिनींनी पुसली नाही. मी सांगितलेले बटण त्यांनी, सांगितलेल्या वेळी, बरोबर दाबले. एवढे हे कलम वकीलबाईंनी वहिनी, भाचा, सून आणि मुलगी या चौघांसमोर मोठ्याने वाचावे.

९. वरचे लिहून मी वकीलबाईंना दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि विचारले की वहिनींचे वय काय. अठ्ठ्याहत्तर, मी म्हणाले. "मग त्या तुमच्याआधी गेल्या तर हे मी कोणाला वाचून दाखवू?" एवढेच त्या बोलल्या. मी कागद पिशवीत घातले आणि परवा दुपारी भावाच्या घरी गेले.

वहिनी एकट्याच होत्या. टीव्ही बंद. मला पाहून दचकल्या, म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही?" आणि पाणी आणायला वळल्या. मी त्यांना थांबवले आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. त्यांना खणाचे नीट समजले नाही, म्हणून मी पिशवीतला एक कोरा कागद काढून त्यावर चित्र काढले. हा डावा, हा उजवा. इथे आई होती. त्या ते चित्र पुष्कळ वेळ बघत होत्या.

इतकी वर्षे मी धरून चालले होते की त्यांना माहीत आहे. त्यांनी माझा हात पाहिला, आणि भावासमोर माझी लाज राखायला त्या गप्प राहिल्या, असे मी मनाशी पक्के केले होते. त्या उपकाराखालीच मी त्यांना टाळत होते. तसे काहीच नव्हते.

"मला आठवतं ना," त्या म्हणाल्या. "मी ते लाल बटण दाबलं. अजून दिसतं मला."

त्या यंत्राला लाल बटण नव्हतेच. मी हे सांगितले तेव्हा त्या खाली बसल्या.

मग त्यांनी सांगितले. भाऊ जायच्या दोन दिवस आधी त्यांनी त्याची त्या कॅसेटबद्दल माफी मागितली होती. लग्नापासून तोवर जसे बोलायचा कधी धीर झाला नव्हता, तसे नीट बोलणे त्या दिवशी झाले. भावाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जाऊ दे, आई तुझ्यावर रागावली नसती. नंतर तो फारसा बोललाच नाही. चार वर्षे त्या एवढ्यावर जगल्या.

"त्यांनी मला माफ केलं, वन्सं," वहिनी म्हणाल्या. "मी केलेलंच नव्हतं, तर आता त्याचं काय करू?"

सुटका होईल म्हणून मी गेले होते, आणि त्यांच्याजवळ होते नव्हते तेही हिरावून बसले. त्यांनी चित्राच्या कागदाची घडी केली आणि मुठीत धरली. मी निघाले तेव्हा त्या उठल्या नाहीत, पुन्हा या असेही म्हणाल्या नाहीत. भाचा यायची वेळ झाली होती, तरी मी थांबले नाही.

१०. म्हणून कलम आठचा शेवट मी बदलत आहे. ते कलम चौघांसमोर वाचू नये. वकीलबाईंनी आधी एकट्या वहिनींकडे जावे आणि ते सगळ्यांना वाचून दाखवू का, असे त्यांना विचारावे. त्यांना घाई करू नये, मुलाला मध्ये घेऊ नये, आणि माझ्या नावाचे काय होईल याचा विचार करू नये. त्या हो म्हणाल्या तर वाचावे. नको म्हणाल्या तर ते पान त्यांच्या हाती द्यावे. त्या घरात कॅसेट त्यांनीच पुसली असे पुढेही म्हटले गेले, तरी चालेल. मी जिवंत आहे तोवर हा प्रश्न मी स्वतः जाऊन विचारीन. दार उघडले नाही तर जिन्यात बसेन.

त्या जे म्हणतील, तीच माझी शेवटची इच्छा समजावी.

हे सर्व मी स्वतः लिहून, स्वतः वाचून, खालील दोन साक्षीदारांच्या देखत सही करत आहे. कलम आठच्या शेवटाशी काट मारली आहे, तिथे तिघांच्याही सह्या आहेत.

(सही)
मृत्युपत्र करणारी, माजी प्रात्यक्षिक दाखवणारी

साक्षीदार एक : (सही) तळमजल्यावरचे शिंपी. यांनी मजकूर वाचला नाही, सही कुठे करायची तेवढेच विचारले.

साक्षीदार दोन : (सही) डॉक्टर. यांनी वाचला.

ठिकाण : माझे राहते घर, मोठी खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२४